कुंडीवर चिकटवलेले पांढरे खडे : तीन निवडुंगांचा अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात मी नागपूरच्या एका रोपवाटिकेतून साडेचारशे रुपयांना तीन निवडुंग आणले : पिवळ्या काट्यांचा गोल्डन बॅरल, लाल डोक्याचा मून कॅक्टस आणि पांढऱ्या लवेचा मॅमिलेरिया. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या छपरीत आज त्यांपैकी दोनच उरले आहेत आणि तिसरा गेल्याचा दोष मी प्रामुख्याने कुंडीवर चिकटवलेल्या पांढऱ्या खड्यांना देतो.

हे खडे डिंकाने एकमेकांना जोडलेले असतात. कुंडी उलटी केली तरी एकही खडा पडत नाही, हे विक्रेत्याने मोठ्या कौतुकाने दाखवले होते. मात्र त्या थरामुळे खालची माती ओली आहे की कोरडी हे बोटाने चाचपता येत नाही आणि पाणी कधी द्यावे हे ठरवण्याचा सर्वांत भरवशाचा मार्गच बंद होतो. ऑगस्टच्या झडीत छपरीत शिंतोडे येत राहिले, वरचे खडे कोरडे दिसत होते म्हणून मीही अधूनमधून पाणी घालत राहिलो, आणि एका सकाळी मॅमिलेरियाचा बुंधा पिवळसर होऊन बोटाखाली दबू लागला. तो आडवा कापल्यावर गराच्या मधोमध नारिंगी-तपकिरी कडे दिसले. दर कापाला सुरी स्पिरिटने पुसत मी वर वर कापत गेलो, पण ते कडे शेंड्यापर्यंत पोचले होते. निरोगी हिरवा गर लागला असता, तर तेवढा तुकडा आठ-दहा दिवस सावलीत वाळवून कोरड्या वाळूत लावता आला असता.

रोपवाटिकेत फोन केला, तेव्हा “भाऊ, तुम्ही पाणी जास्त घातलं,” एवढेच उत्तर मिळाले. पैसे परत मिळाले नाहीत. पाणी मी घातले हे खरे आहे, पण ते घालू नये हे कळण्याची सोय त्यांनीच बुजवून टाकली होती. उरलेल्या दोन कुंड्यांचे खडे पक्कडीने उपटले, तेव्हा खाली निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, निघाले. ते ओले झाले की आठवडाभर ओलेच राहते आणि पूर्ण वाळले की पाणी आत न घेता कडेने वाहू देते.

त्यानंतरची चूक मात्र सर्वस्वी माझी आहे. फुकटची म्हणून मी शेतातली काळी माती भरली. पाणी धरून ठेवण्याच्या ज्या गुणावर आमची कपाशी तगते, तोच गुण कुंडीत घातक ठरतो, शिवाय वाळताना पडणाऱ्या भेगांनी बारीक मुळ्या तुटतात. ऑक्टोबरमध्ये गोल्डन बॅरल सुकल्यासारखा दिसू लागला, म्हणून तो उपसला, तर मुळ्यांवर कपाशीवर दिसतो तसा पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडीचा पांढरा कापूस होता. मुळ्या धुऊन, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, चार दिवस वाळवल्या आणि दोन भाग भरड वाळू व वीटचुरा, एक भाग चाळलेली माती व जुने शेणखत अशा मिश्रणात रोप लावले. हिवाळ्यात तीन आठवड्यांतून एकदा पाणी दिले, तेही संध्याकाळी, कारण निवडुंगाची रंध्रे रात्री उघडतात.

फेब्रुवारीपासून रोपवाटिकेबद्दलचे माझे मत पुष्कळ बदलले, कारण रोपे मुळात उत्तम होती. मून कॅक्टसच्या लाल भागात हरितद्रव्य नसते, ज्या दुसऱ्या निवडुंगावर त्याचे कलम केलेले असते, त्या खालच्या हिरव्या खोडावर तो पूर्णपणे जगतो. ते त्रिकोणी खोड आजही टणक आहे आणि कलमाचा सांधा घट्ट आहे. एप्रिलमध्ये गोल्डन बॅरलच्या दक्षिणेकडच्या अंगावर पांढरट डाग पडले, तेव्हा मला पुन्हा कूज वाटली, पण डाग कोरडे आणि कडक होते. मूळचा मेक्सिकोतला हा निवडुंग ऊन सोसतो, तरी हिरव्या जाळीखाली वाढलेले रोप एकदम आमच्या 44 अंशांच्या उन्हात ठेवले की भाजते. ते डाग आता जाणार नाहीत. बुंध्याचा तपकिरी टणकपणा मात्र वयाचा आहे. कूज असती तर ती बोटाने दाबताच कळली असती.

आता नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आहे, म्हणून दोन्ही कुंड्या छपरीच्या आतल्या भिंतीशी सरकवल्या आहेत. गोल्डन बॅरलच्या शेंड्यावर या आठवड्यात फिकट पिवळे, अजून मऊ असलेले नवे काटे वर आले आहेत, आणि आता पाणी देण्याआधी मी बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहतो.