पंचाहत्तरीचा रविवार: घरी, हॉटेलात की शेतघरावर?

आमच्याकडे तीन वर्षांत तीन पंचाहत्तऱ्या झाल्या, तिन्ही ऑक्टोबरातल्या रविवारी. आईची तिच्या पुण्यातल्या घरी, सासऱ्यांची हॉटेलच्या हॉलमध्ये आणि मोठ्या काकांची मुळशीकडच्या एका शेतघरावर. प्रत्येक वेळी माणसं तीसच्या आसपास. तुमच्या घरी हाच प्रश्न आला असेल, तर आमचा अनुभव उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

आधी तारीख ठरवा. दसरा आणि दिवाळी यांच्यामधला रविवार सर्वांत सोयीचा. नवरात्रातले उपास संपलेले असतात आणि फराळाची गडबड सुरू व्हायची असते. २०२६ मध्ये दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे हाताशी २५ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर हे दोनच रविवार. पितृपक्षात हॉल सहज मिळतो, पण घरातल्या मोठ्यांना ते रुचत नाही. त्यांचा वाढदिवस आहे, त्यांचं ऐकावं. तिथीने करणारं घर असेल तर तिथीच्या दिवशी घरच्या घरी औक्षण करा आणि सगळ्यांना रविवारी बोलवा.

शेतघराचं आकर्षण मोठं असतं. भात पिवळा पडू लागलेला, हवा धुतल्यासारखी, मुलांना पळायला मोकळी जागा. काकांच्या वेळी मुलं दिवसभर घरात आलीच नाहीत. पण परतीच्या पावसाचा नेम नसतो. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर मानतात, तरी महिनाअखेरपर्यंत दुपारनंतर ढग दाटून येऊ शकतात. आम्ही अंगणात मांडलेली पंगत चार वाजता उचलून पडवीत आणली. त्याहून मोठा त्रास प्रवासाचा झाला. काकांचे गुडघे दुखतात. जाताना दीड तास गाडीत, येताना रविवार संध्याकाळच्या गर्दीत अडीच तास. शिवाय तिथलं स्वच्छतागृह चार पायऱ्या उतरून, तेही भारतीय पद्धतीचं. फोटोत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून जागा ठरवण्याआधी कुणीतरी स्वतः जाऊन बघून या.

हॉटेलात खरा आराम बायकांना मिळतो, आणि हा मुद्दा मी हलका मानत नाही. सासऱ्यांच्या वाढदिवसाला माझ्या जाऊबाई, नणंद आणि मी पहिल्यांदाच पहिल्या पंगतीला जेवलो. भांडी नाहीत, ओटा पुसणं नाही. पैशांचा हिशेबही सरळ असतो: ताटामागे दर, वर जीएसटी, आणि किमान किती माणसांचे पैसे भरावे लागतील ते आधीच ठरतं. खटकली ती वेळ. हॉल बारा ते तीन आमचा होता. पावणेतीनला पोरं टेबलं आवरायला लागली, तेव्हा सासरे त्यांच्या शाळेतल्या मित्राशी नुकते कुठे बोलायला लागले होते. दोघंही ऐंशीकडे झुकलेले, एकमेकांना चार वर्षांनी भेटलेले. ते बोलणं लिफ्टपाशी उभ्यानं संपलं. मला अजून त्याची चुटपुट लागते.

आणि दिवे. पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचं असेल तर जागेचा विचार त्या अंगानेही करा. हॉटेलच्या हॉलमध्ये ज्योत लावायला परवानगी मिळाली नाही, बॅटरीचे दिवे लावावे लागले. शेतघरावर वाऱ्याने निम्मे दिवे ओवाळण्याआधीच विझले. आईच्या घरी आम्ही कणकेचे दिवे केले होते. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात सगळे घामाघूम झाले, पण पंचाहत्तरच्या पंचाहत्तर ज्योती शेवटपर्यंत तेवत होत्या.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, पाच सवाष्णींनीच ओवाळायचं. बाबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आई पाटावरून म्हणाली, "आधी माझी बहीण ओवाळेल." मावशीही एकटीच आहे. ताम्हण मावशीच्या हातात गेलं, तिने सुपारी आणि अंगठी ओवाळली, मग बाकीच्यांनी. आई तिच्या घरात बसली होती म्हणून ते इतक्या सहज बोलू शकली, असं मला मनापासून वाटतं. हॉटेलात सासरे दिवसभर पाहुण्यासारखे अवघडून बसले होते.

घरचा तोटा एकच, पण मोठा: कुणीतरी दिवसभर ओट्यापाशी अडकतं. आईच्या वेळी ती माझी वहिनी होती. औक्षणाच्या फोटोत ती कुठेच नाही. याला उपाय आहे. स्वयंपाक बाहेरून मागवा आणि वाढायचं काम पुरुषांकडे द्या. तीस माणसांना साडेतीन किलो श्रीखंड, तीन किलो तांदळाचा मसालेभात, बटाट्याची भाजी आणि भरपूर मठ्ठा पुरतो. पुऱ्या तेवढ्या ताज्या हव्यात, त्यासाठी दोन तासांपुरती एखादी बाई बोलवा. आतली एक खोली सकाळपासून रिकामी ठेवा. जेवण झाल्यावर आई तिथे तासभर झोपली, मावशी शेजारी आडवी झाली, आणि पाच वाजता चहाला उठल्या तेव्हा अर्धे पाहुणे अजून बाहेरच्या खोलीत गप्पा मारत बसलेले होते.

घर फारच लहान असेल किंवा माणसं पन्नासच्या वर जाणार असतील, तर हॉटेल घ्या, पण हॉल पाच वाजेपर्यंत मागा. जास्तीचे पैसे पडले तरी चालतील. शेतघर चाळिशी-पन्नाशीच्या वाढदिवसाला छान.

पुढची पंचाहत्तरी सासूबाईंची. घरीच करतो आहोत. पुऱ्यांच्या बाईंना विचारून ठेवलंय, आणि वाढायला माझा भाऊ आणि दोन्ही दीर आहेत.