टिकाऊ लेखनसाहित्य: शाईपेन, पेन्सिल, स्टेपलर, पट्टी आणि कात्री

मुद्रितशोधनाच्या कामात दिवसाचे बरेच तास हातात पेन किंवा पेन्सिल असते आणि शेजारी स्टेपलर, पट्टी, शार्पनर व कात्री लागतेच. या वस्तू एकदा नीट पारखून घ्याव्यात आणि पुढे आयुष्यभर त्याच वापराव्यात, या हेतूने मी जे साहित्य निवडले त्याचे हे परीक्षण आहे. निवडताना मी तीन प्रश्न विचारतो. वस्तू हाताने उघडता येते का? तिचा झिजणारा भाग सुटा मिळतो का? आणि तिला लागणारी शाई, शिसे किंवा पिन जवळच्या स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळते का? धातू किती जाड आहे, वजन किती आहे, वेष्टनावर किती वर्षांची हमी छापली आहे, हे सारे मी त्यानंतर पाहतो; कारण जाड पोलादाची वस्तूसुद्धा एखादी दोन रुपयांची स्प्रिंग मिळाली नाही म्हणून भंगारात जाऊ शकते.

सुरुवात शाईपेनापासून करतो, कारण माझा सर्वांत जास्त जीव त्यात आहे. माझ्याकडचे मुख्य पेन एबोनाइटचे आहे. नैसर्गिक रबरात भरपूर गंधक मिसळून ते तापवले की एबोनाइट हा कडक पदार्थ तयार होतो. त्याच्या कांड्या लेथवर कातून आपल्याकडे आजही हाताने पेने केली जातात. आंध्रातल्या राजमहेंद्रीचे रत्नम हे त्यातले सर्वांत नावाजलेले घराणे. संपूर्ण स्वदेशी पेन करण्याच्या ध्यासातून 1932 च्या सुमारास त्यांचे काम सुरू झाले आणि 1935 मध्ये गांधीजींनी स्वतः पत्र लिहून त्यांच्या पेनाची वाखाणणी केली. ही परंपरा अजून चालू आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. पण मी हे पेन केवळ त्या इतिहासासाठी सुचवत नाही. त्याची रचनाच अशी आहे की त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही.

पेन उघडले की हातात चारच भाग येतात: टोपण, नळी, पुढचा धरायचा भाग आणि त्यात दाबून बसवलेली निब व जीभ (निबेखालची, तिला शाई पुरवणारी खाचांची पट्टी). आत रबरी पिशवी नाही, दट्ट्या नाही, कार्ट्रिज (शाई भरलेली सुटी नळी) नाही. ड्रॉपरने शाई थेट नळीत भरायची आणि आटे फिरवून बंद करायचे. निब आणि जीभ बोटांच्या चिमटीत धरून सरळ ओढली की बाहेर येतात, पाण्याखाली धुता येतात आणि पुन्हा बसवता येतात. जीभसुद्धा एबोनाइटची असेल तर फार उत्तम, कारण तिच्या पृष्ठभागावर शाई चांगली पसरते आणि ती निबेपासून सुटली असेल तर गरम पाण्यात धरून, किंचित वाकवून पुन्हा निबेला चिकटवता येते. प्लॅस्टिकच्या जिभेला ही सोय नाही. निब खराब झालीच तर त्याच मापाची दुसरी बसवायची. बाकीचे पेन तसेच राहते. आटे सैल वाटू लागले तर त्यांवर सिलिकॉन ग्रीसचे एक पातळ बोट फिरवले की गळती थांबते.

दोष आहेत आणि ते घेण्याआधी माहीत असावेत. नळीतली शाई संपत आली की आत हवा जास्त होते, ती हाताच्या उबेने प्रसरण पावते आणि निबेतून एखादा टपोरा थेंब कागदावर पडतो. म्हणून शाई तृतीयांशावर आली की पेन पुन्हा भरून घ्यावे. मोकळे होईपर्यंत ताणू नये. दुसरे असे की एबोनाइटला ऊन सोसत नाही. काळे पेन खिडकीशी पडून राहिले तर त्यावर तपकिरी-हिरवट झाक चढते. तिने लिखाणात काही फरक पडत नाही, पण ज्यांना पेन नव्यासारखे दिसायला हवे त्यांनी ते पाऊचमध्ये ठेवावे. विमानप्रवासात मात्र हे पेन एकतर काठोकाठ भरलेले असावे किंवा पूर्ण रिकामे, आणि निब वरच्या दिशेला असावी.

ज्यांना ड्रॉपरची खटपट नको असेल त्यांच्यासाठी मी लॅमी सफारी सुचवतो. जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरातल्या या कंपनीने हे पेन 1980 मध्ये शाळकरी मुलांसाठी आणले आणि त्याची मूळ रचना आजही जवळपास तीच आहे. टिकाऊपणाच्या दृष्टीने ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण जुन्या पेनाला आजची निब बसते. निबेवर चिकटपट्टी लावून सरळ पुढे ओढली की ती जिभेवरून सुटते आणि नवी तशीच सरकवून बसवता येते. त्यासाठी कोणतेही हत्यार लागत नाही. अंग चिवट एबीएस प्लॅस्टिकचे असल्याने टेबलावरून पडण्याची धास्ती नाही, आणि नळीला असलेल्या लांबट खिडकीतून शाई किती उरली ते दिसते. धरायच्या जागी मात्र अंगठा आणि तर्जनीसाठी दोन सपाट बाजू दिलेल्या आहेत. ज्यांची पेन धरण्याची पद्धत वेगळी आहे त्यांना त्या बोचतात, तेव्हा दुकानात हातात घेऊन दोन ओळी लिहून पाहिल्याशिवाय हे पेन घेऊ नये. तसेच यात लॅमीचीच कार्ट्रिज बसतात, सर्वसाधारण छोटी कार्ट्रिज बसत नाहीत. म्हणून सोबत कन्व्हर्टर (कार्ट्रिजच्या जागी बसणारी, शाई ओढून घेणारी नळी) घेणे आवश्यक आहे, म्हणजे कोणत्याही दौतीतली शाई भरता येते.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी निबेबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. युरोपीय पेनांची मध्यम निब बरीच जाड उमटते. रोमन लिपीच्या मोकळ्या अक्षरांना ती शोभते, पण देवनागरीत शिरोरेखेखाली ष्ठ, क्ष्म, ज्ञ यांसारखी दाट अक्षरे येतात, वर रफार, मात्रा, अनुस्वार येतात, आणि जाड निबेने अक्षरांची पोटे भरून जातात. सफारी घ्यायचे तर बारीक किंवा अतिबारीक निबेचे घ्यावे. मुद्रितावर दोन ओळींच्या मधल्या जागेत दुरुस्ती लिहिताना हा फरक ठळकपणे जाणवतो.

याच कंपनीचे 1966 सालचे लॅमी 2000 हे पेनही मी वापरून पाहिले आहे. गेर्ड म्युलर यांनी रेखलेले ते पेन आजही तसेच निघते आणि हातात धरण्याचे सुख त्याच्याइतके क्वचितच कोठे मिळेल. तरी माझ्या कसोटीवर ते सफारीच्या खाली येते. दट्ट्याने शाई भरण्याची त्याची यंत्रणा उत्तम आहे, पण ती बिघडली तर घरी दुरुस्त करण्याजोगी नाही, आणि निब बदलणेही तितके सोपे व स्वस्त नाही.

शाईबद्दल थोडक्यात. मी रोजच्या कामाला कॅमलिनची रॉयल ब्लू वापरतो. दांडेकरांनी 1931 मध्ये मुंबईत शाईची पूड आणि वड्या करून हा उद्योग उभा केला, आणि आज मालकी जपानच्या कोकुयोकडे असली तरी ही दौत अजूनही साध्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते. पेनाला ती सौम्य आहे, वाळली तरी साध्या पाण्याने सुटते. जे लिखाण वर्षानुवर्षे राहायला हवे त्यासाठी मात्र ती योग्य नाही, कारण पाण्याने ती वाहते आणि उन्हाने फिकी होते. तेथे पाण्याला टिकणारी शाईच घ्यावी. चित्रकलेची लाखयुक्त काळी शाई शाईपेनात कधीही भरू नये. ती जिभेच्या बारीक खाचांत एकदा घट्ट बसली की सहसा निघत नाही.

पेन्सिलीच्या बाबतीत माझे मत अनेकांना पटणार नाही. टिकाऊ यांत्रिक पेन्सिल म्हटली की बहुतेक जण पितळी अंगाच्या रॉट्रिंग 600 चे नाव घेतात. ती देखणी आहे, तिची खरखरीत पकड पक्की आहे आणि अंग झिजणारे नाही. पण वजन पुढच्या बाजूला असल्यामुळे ती पडली की बहुधा टोकावर पडते आणि शिसे सांभाळणारी बारीक नळी वाकते. एवढ्या भक्कम पेन्सिलीचा सर्वांत नाजूक भाग नेमका जमिनीवर आदळणारा आहे. याउलट पेंटेलची प्लॅस्टिक अंगाची पी 205 हलकी आहे, तिची आतली पितळी यंत्रणा साधी आहे, आणि तासन्‌तास लिहिणाऱ्या हाताला ती शिणवत नाही. मी तिलाच पसंती देतो. दोन्हींना अर्ध्या मिलिमीटरचे शिसे लागते आणि ते तालुक्याच्या गावीही मिळते. खोडरबराची एक खबरदारी घ्यावी: पांढरे व्हिनाइलचे खोडरबर कागदी वेष्टनाबाहेर काढून प्लॅस्टिकच्या कंपासपेटीत ठेवले तर त्यातले मऊ करणारे द्रव्य पेटीला लागते आणि दोन्ही एकमेकांना चिकटून विद्रूप होतात. वेष्टन फेकू नये.

लाकडी पेन्सिलीसाठी शार्पनर पितळेचा घ्यावा. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये होणारे मॅग्नेशियमचे शार्पनर धारेला फार सुरेख असतात, परंतु आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत मॅग्नेशियमवर पांढरट बुरशीसारखा थर येतो. पितळ तेथे निभावून जाते. पाते स्क्रूने बसवलेले असावे, कारण पाते बोथट होणारच, आणि सुटी पाती मिळतात. पाते साध्या कार्बन पोलादाचे असते. पावसाळ्यात त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुसला तर गंज चढत नाही.

स्टेपलरमध्ये लुधियान्याच्या कंगारूचा दहा नंबर हा माझ्या मते या सर्व यादीतला सर्वांत चोख सौदा आहे. शंभर-सव्वाशे रुपयांत मिळणाऱ्या या वस्तूला बँकांत, शाळांत, कोर्टाबाहेरच्या टंकलेखकांच्या टेबलांवर जे स्थान आहे ते जाहिरातीने मिळालेले नाही. अंग पत्र्याचे आहे आणि पिन अडकली तर वरचा भाग पूर्ण उलगडतो, म्हणून एखाद्या टोकदार वस्तूने ती काढता येते. काही नमुन्यांना मागच्या टोकाला पिन उचकटण्याची सपाट जीभही असते. माझ्याकडे आधी एका दुसऱ्या कंपनीचा प्लॅस्टिकच्या अंगाचा स्टेपलर होता. त्याची आतली सरकपट्टी तुटली, ती सुटी मिळेना, आणि बाकी सर्व भाग शाबूत असताना तो टाकून द्यावा लागला. दहा नंबरची मर्यादा एवढीच की तो पंधरा-वीस पानांपलीकडे नेऊ नये. त्याहून जाड गठ्ठ्यांसाठी 24/6 पिनांचा मोठा स्टेपलर वेगळा ठेवावा. त्या आकड्यांतला पहिला तारेचा गेज आणि दुसरा पिनेच्या पायांची मिलिमीटरमधली लांबी असतो. लहान यंत्रात जाड गठ्ठा दाबल्याने त्याचा जबडा वाकडा होतो आणि मग प्रत्येक पिन दुमडते.

पट्टी स्टेशनरीच्या दुकानातून न घेता यंत्रसाहित्याच्या दुकानातून घ्यावी. मुंबईच्या क्रिस्टील कंपनीच्या पोलादी पट्ट्या कारखान्यांतल्या कामगारांच्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या आहेत. त्यांच्यावरच्या खुणा धातूत कोरलेल्या असतात. बोटाचे नख खुणांवरून आडवे फिरवले की त्या खडबडीत लागतात. शाईने छापलेल्या पट्टीवर नख गुळगुळीत घसरते आणि अशा पट्टीचे आकडे काही काळाने पुसले जातात. एरवी पट्टीत बिघडण्यासारखे काही नाही, फक्त ती वाकवून कशाचे झाकण उघडू नये.

कात्रीसाठी मी मेरठचे नाव घेतो. तेथील कात्र्यांना 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांची पाती मोटारी, रेल्वे यांच्या जुन्या पोलादापासून घडवतात आणि मुठी पितळ किंवा मिश्रधातूच्या असतात. त्या भागात या कात्रीबद्दल ‘दादा ले, पोता बरते’ असे म्हणतात, म्हणजे आजोबांनी घ्यावी आणि नातवाने वापरावी. हे शक्य होते, कारण तिला पुन्हा पुन्हा धार लावता येते आणि मधला स्क्रू कमी-जास्त आवळता येतो. प्लॅस्टिकच्या मुठीत पातळ पाती ओतून बसवलेली, रिव्हेटने कायमची जोडलेली कात्री धारवाल्याला दिली तर तो बहुतेकदा हातच लावत नाही. दुकानात कात्री घेताना ती उघडून उजेडासमोर धरावी. पाती मिटलेली असताना मध्ये बारीक फट दिसायला हवी आणि ती टोकाशी नाहीशी व्हायला हवी. पाती सपाट एकमेकांवर टेकत असतील तर ती कात्री कागद कापणार नाही, चावेल. मग एक जुने वर्तमानपत्र मागून घ्यावे आणि टोकापर्यंत एकच लांब काप देऊन पाहावा. कागदासाठी घेतलेल्या कात्रीने चिकटपट्टी कापू नये, आणि कापलीच तर गोंद तेलाच्या फडक्याने लगेच पुसून घ्यावा.