रिओहा की तोरो? द्राक्ष एकच, वाइन दोन

स्पेनची ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली, जुन्या वेलींची रेड वाइन घ्यायची असेल, तर आधी एक ठरवा: तुम्हाला वय कुणाचं हवंय, वाइनचं की वेलीचं? बाटल्यांवर दोन्ही मिरवलं जातं आणि घेणाऱ्याची गल्लत होते. म्हणून मी रिओहा आणि तोरो या स्पेनमधल्या दोन वाइन-प्रदेशांच्या बाटल्या शेजारी ठेवतो. दोन्हीकडे मुख्य द्राक्ष टेंप्रानियोच (तोरोत त्याला ‘तिंता दे तोरो’ म्हणतात), त्यामुळे फरक चटकन कळतो.

रिओहाची खरी कमाई मुरवण्यात आहे. रेसेर्वा म्हणजे किमान ३ वर्षं मुरलेली, त्यातलं निदान १ वर्ष ओकच्या पिंपात. ग्रान रेसेर्वा ५ वर्षांची, त्यातली निदान २ पिंपात. पिंप २२५ लिटरचं, आणि जुन्या पद्धतीत अमेरिकन ओकचं. व्हॅनिला आणि ओल्या खोबऱ्याचा वास येतो तो या लाकडामुळे. आरो गावातलं १८७७ सालचं लोपेस दे एरेदिया हे घराणं आजही आपली पिंपं स्वतःच बनवतं. इतकी वर्षं मुरल्यावर लाल रंग विटकरीकडे झुकतो, तुरटपणा मऊ होतो, ताज्या फळाच्या जागी सुकं अंजीर, तंबाखू, चामडं असे वास येतात. मला हा धीर फार मोलाचा वाटतो. मात्र ‘रेसेर्वा’ हा शब्द वेलीच्या वयाबद्दल काहीच सांगत नाही. ते हवं असेल तर बाटलीवर ‘विन्येदो सिंगुलार’ (एकाच ठरावीक मळ्यातली वाइन) हे शब्द शोधा. तिथे वेली किमान ३५ वर्षांच्या असाव्या लागतात.

तोरोचं वैभव जमिनीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा किडीनं युरोपातले मळे उद्ध्वस्त केले, पण वाळूत तिचा टिकाव लागत नाही. म्हणून दुएरो नदीकाठच्या या वाळवट रानात कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या वेली उरल्या. काही शंभरी ओलांडलेल्या, तारांच्या आधाराविना झुडपासारख्या वाढलेल्या. घड कमी, रस गडद. उन्हाळा कडक, त्यामुळे अल्कोहोल बऱ्याचदा १४.५ ते १५ टक्के. ओक इथेही असतो, पण फळच वरचढ ठरतं.

पहिलीच बाटली असेल तर मी रिओहा रेसेर्वाच सांगेन. झणझणीत रश्श्याबरोबर तोरो टाळा, अल्कोहोलनं तिखट आणखी पेटतं. निखाऱ्यावर भाजलेल्या मटणाच्या चापांबरोबर मात्र तीच घ्या, तासभर आधी भांड्यात ओतून. आपल्याकडच्या उकाड्यात दोन्ही बाटल्या वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडा. आणि बाटली उन्हात मांडलेल्या दुकानातून जुनी ग्रान रेसेर्वा घेऊ नका. त्यापेक्षा तरुण तोरो बरी.