'शून्य तासांचं' इंजिन, अर्धं बांधलेलं विमान: फसलेल्या एका सौद्याची उलटतपासणी

जाहिरातीत चार गोष्टी होत्या. दोन आसनांचं, पूर्ण धातूचं, साठ टक्के बांधून झालेलं किट (सुट्या भागांतून स्वतः बांधायचं विमान). लायकॉमिंग ओ-३२० इंजिन, १६० अश्वशक्ती, 'ओव्हरहॉलनंतर शून्य तास'. लागणारे सगळे बोल्ट-नट डब्यांसकट. आणि शेवटी, 'फक्त इंजिन बसवा, रंग द्या, उडा'. यातलं एकही विधान धडधडीत खोटं म्हणता येत नाही. तक्रार करायची वेळ आली तेव्हा नेमकं तेच आडवं आलं. विकणाऱ्याचं नाव इथे देत नाही. माल कसा ओळखायचा ते महत्त्वाचं.

सुरुवात इंजिनापासून, कारण सर्वांत जास्त पैसे तिथेच गेले.

'शून्य तास' या शब्दांवर बरेच जण भुलतात. अमेरिकी नियमांत इंजिनाचा जुना इतिहास बाजूला ठेवून कोरं लॉगबुक सुरू करता येतं ते फक्त उत्पादकाने किंवा त्याने मान्यता दिलेल्या संस्थेने इंजिन 'रिबिल्ट' केलं तरच (नियम ९१.४२१). इतर कुणी खोललं, धुतलं, तपासलं, दुरुस्त करून जोडलं आणि चाचणी घेतली तर तो 'ओव्हरहॉल'. एकूण तास पुढे चालूच राहतात. म्हणजे 'ओव्हरहॉलनंतर शून्य' याचा अर्थ एवढाच की खोलून जोडल्यानंतर ते उडालेलं नाही. क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आधी किती हजार तास फिरला आहे, याबद्दल हे शब्द काहीच सांगत नाहीत. आधीचं लॉगबुक 'घर बदलताना हरवलं' असं सांगण्यात आलं. इंजिनांची लॉगबुकं घर बदलताना भलतीच हरवतात.

नव्या लॉगबुकात ओव्हरहॉलची नोंद एका ओळीची होती: 'नियमावलीप्रमाणे ओव्हरहॉल केला', तारीख, न वाचता येणारी सही. खऱ्या नोंदीसोबत दोन-चार पानं तरी असतात. बदललेल्या प्रत्येक भागाचा क्रमांक, क्रँकशाफ्टच्या जर्नलची (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागांची) मोजमापं, सिलिंडरची मोजमापं, क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या चुंबकीय तडा-तपासणीचा दाखला, विमान-नियामकाची कोणती सक्तीची निर्देशपत्रं पूर्ण केली त्यांची यादी, आणि सही करणाऱ्याचा परवाना क्रमांक. शिवाय मापं नव्या भागांच्या मर्यादेत ठेवली की 'सर्व्हिस लिमिट'मध्ये, हेही लिहिलेलं असतं. दोन्हींना ओव्हरहॉलच म्हणतात, पण दुसऱ्या प्रकारात झिजेच्या काठावरचा भागही परत बसवता येतो. तारीखही बोलकी होती: ११ वर्षांपूर्वीची. या इंजिनाला ओव्हरहॉलची शिफारस २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते. म्हणजे शून्य तासांच्या इंजिनाचं कागदावरचं एकच वर्ष उरलं होतं.

आता खरी हातचलाखी. सौद्याच्या वेळी कॉम्प्रेशन चाचणी समोर करून दाखवली गेली. ८० पीएसआय हवा दिली, चारही सिलिंडरनी ७४ ते ७७ धरली. आकडे उत्तम, आणि खरेही. पण ही चाचणी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना होते. ती रिंगा, सिलिंडर आणि व्हॉल्व्हची बैठक यांबद्दल सांगते. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टबद्दल ती चकार शब्द काढत नाही. कॅमची टोकं (लोब) झिजून गोल झाली तरी आकडा ७६ येऊ शकतो.

आणि या इंजिनाचं दुखणं कॅमचंच असतं. लायकॉमिंगचा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसतो. इंजिन उभं राहिलं की तेल निथळून खाली जातं आणि कॅम उघडा पडतो. हवेतल्या ओलाव्याने त्यावर बारीक गंजाचे ठिपके येतात. पुढे इंजिन सुरू झालं की टॅपेटचा (कॅमवर टेकून व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या दट्ट्याचा) चेहरा त्या ठिपक्यांवर घासतो, कडक थर कवचासारखा निघतो आणि झीज झपाट्याने वाढते. समोरासमोरच्या दोन सिलिंडरना इनटेकचा (आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा) लोब सामाईक असतो. त्याला काम दुप्पट, म्हणून पाहायला सुरुवात तिथून करावी.

'दर महिन्याला पाच मिनिटं जमिनीवर चालवत होतो' हे विकणाऱ्याने काळजी घेतल्याचा पुरावा म्हणून सांगितलं. उलट आहे. जळणातून तयार होणारं पाणी तेलात उतरतं आणि तेल ८० अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ राहिल्याशिवाय ते उडून जात नाही. जमिनीवरच्या पाच मिनिटांत तेल तेवढं तापत नाही. महिन्याला पाच मिनिटं म्हणजे महिन्याला थोडं पाणी भरणं. लांब ठेवायचं इंजिन प्रिझर्व्हेटिव्ह तेल भरून, प्लगच्या जागी ओलावा शोषणारे डेसिकंट प्लग लावून, ब्रीदर (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी नळी) आणि एक्झॉस्ट बंद करून ठेवतात. डेसिकंट प्लगमधले दाणे निळे असले तर कोरडे, गुलाबी झाले तर बदलायचे.

कॅम पाहायचा तर या इंजिनात टॅपेट बाहेरून निघत नाहीत. त्यासाठी इंजिनाची केस (बाहेरचं कवच) दोन भागांत उघडावी लागते. पण एक सिलिंडर काढला की लोब दिसतात, आणि बोअरस्कोप (आत डोकावायची बारीक नळी) घातला तर बाकीचेही. विकणारा एवढंही करू देत नसेल तर रॉकर कव्हर काढून, प्लग काढून, प्रोपेलर हाताने सावकाश फिरवत डायल गेजने (सूक्ष्म हालचाल दाखवणाऱ्या सुईच्या मापकाने) प्रत्येक व्हॉल्व्ह किती उघडतो ते मोजावं. हायड्रॉलिक टॅपेटमधलं तेल निसटलं तर आकडा कमी येतो, म्हणून एकाच मोजणीवर निकाल देऊ नये. एखादा व्हॉल्व्ह तीनदा मोजूनही बाकीच्यांहून ठळक कमी उघडत असेल तर तो लोब गेला. इथे सिलिंडर काढला तो पैसे देऊन झाल्यावर. पुढच्या इनटेक लोबवर नखाला लागतील असे खड्डे होते, आणि तेलाच्या सक्शन स्क्रीनमध्ये (गाळणीत) लोहचुंबकाला चिकटणारी चमचमती बारीक कणी.

दुसरी गोष्ट प्रोपेलरच्या कागदात सापडली. इंजिनाचं जुनं लॉगबुक हरवलं होतं, पण प्रोपेलरचं शिल्लक होतं, आणि त्यात 'नवीन प्रोपेलर बसवला' अशी नोंद. जुन्याचं काय झालं? फिरता प्रोपेलर जमिनीला लागला असेल तर इंजिन उघडून तपासावंच लागतं. क्रँकशाफ्टच्या मागच्या गिअरचा बोल्ट, लॉक प्लेट आणि डॉवेल यांच्या तपासणीसाठी सक्तीचं निर्देशपत्र आहे. इंजिनाच्या नोंदीत त्याचा उल्लेख नव्हता. प्रोपेलरच्या फ्लँजवर (क्रँकशाफ्टच्या टोकाच्या चकतीवर) डायल गेज लावून एक फेरा दिला तेव्हा सुईने उत्तर दिलं: क्रँकशाफ्ट वाकलेला होता. जुनी प्रोपेलर नोंद मागायची सवय फार थोड्यांना असते. आधी तीच मागावी.

आता बोल्ट. विमानाच्या एएन (अमेरिकी विमान-मानकाच्या) बोल्टच्या डोक्यावर फुली किंवा चांदणीसारखी खूण असते आणि सोबत बनवणाऱ्याची अक्षरं. एक रेघ म्हणजे न गंजणारं पोलाद, दोन रेघा म्हणजे ॲल्युमिनियम मिश्रधातू. डोक्यावर कडेला तीन रेघा असतील तर तो ग्रेड ५, सहा असतील तर ग्रेड ८. दोन्ही हार्डवेअरच्या दुकानातले. डब्यांत वरचा थर खरा होता. खाली हात घातल्यावर काही डोकी गुळगुळीत लागली. बोट फिरवलं की कानशीच्या रेघा जाणवत होत्या, व्हर्नियरने मोजलं तर डोक्याची जाडी वरच्या थरातल्या बोल्टपेक्षा कमी. रेघा घासून वर पिवळा मुलामा दिला होता. कॅडमियमची पिवळी झाक आणि जस्ताची पिवळी झाक शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

ताकदीइतकाच महत्त्वाचा असतो आट्यांचा प्रश्न. एएन४-१०ए म्हणजे १/४ इंच व्यासाचा, साधारण १ इंच लांबीचा बोल्ट. त्यातली ९/१६ इंच दांडी गुळगुळीत असते. जोडाचा सगळा भार त्या दांडीवर यायला हवा. बाजारातल्या १ इंची बोल्टला डोक्यापर्यंत आटे असतात. ते भोकात करवतीसारखे फिरतात, भोक लांबट होतं आणि आट्याच्या मुळाशी तडा सुरू होतो. टॉर्क रेंच इथे मदत करत नाही; १/४ इंची बोल्टला ५० ते ७० इंच-पाउंड लावले की तो खऱ्याला आणि खोट्याला सारखाच 'टक्' म्हणतो. नायलॉनच्या लॉक नटाचंही पाहून घ्यावं: बोटाने नायलॉनच्या पुढे गेला तर तो वापरलेला आहे.

ही बारीकसारीक कटकट वाटत असेल तर ८ सप्टेंबर १९८९ चा अपघात आठवावा. ऑस्लोहून हॅम्बर्गला निघालेलं कॉन्व्हेयर ५८० डेन्मार्कजवळ समुद्रात कोसळलं, ५५ जण गेले. तपासात शेपटीचा उभा पंख धरणाऱ्या जोडात बनावट, कमी ताकदीचे भाग निघाले.

रिव्हेटची फसवणूक सर्वांत देखणी. फोटोत सगळ्या ओळी सरळ, मागची डोकी एकसारखी गोल. १/८ इंची रिव्हेटचं ठोकलेलं डोकं ३/१६ इंच रुंद आणि १/१६ इंच उंच हवं, आणि इथे गेज लावलं तर जवळजवळ प्रत्येक बरोबर. दोष धातूत होता. एडी प्रकारच्या (विमानाला लागणाऱ्या कणखर मिश्रधातूच्या) रिव्हेटच्या कारखानी डोक्यात मध्यभागी बारीक खळगा असतो. एलेव्हेटर आणि रडर या शेपटीच्या हलत्या भागांवरच्या रिव्हेटना तो नव्हताच. म्हणजे ११०० क्रमांकाचा मऊ, जवळपास शुद्ध ॲल्युमिनियमचा रिव्हेट. त्याची कातर-ताकद एडीच्या साधारण एक तृतीयांश. मऊ असल्यामुळे तो लोण्यासारखा बसतो आणि नवशिक्याच्या हातूनही सुबक दिसतो. रंग दिल्यावर खळगा झाकला जातो, म्हणून 'प्रायमर मारून दिलंय' हे ऐकून खूश होऊ नये.

पत्र्याबद्दल थोडक्यात. नवा पत्रा असेल तर त्यावर मिश्रधातूचा क्रमांक छापलेला असतो. छपाई नसेल तर टाकाऊ तुकड्याच्या कापलेल्या कडेवर कॉस्टिक सोड्याचा थेंब टाकावा (हातमोजे, चष्मा घालून): २०२४ क्रमांकाच्या मिश्रधातूतल्या तांब्यामुळे ती काळी पडते, ६०६१ क्रमांकाच्या मिश्रधातूची तशी पडत नाही. मधल्या भागावर टाकून उपयोग नाही, वर शुद्ध ॲल्युमिनियमचा थर असतो. निळी प्लास्टिक फिल्म वर्षानुवर्षं तशीच ठेवलेली असेल तर एक कोपरा सोलून पाहावा. इथे तिच्याखाली केसासारख्या वळवळत्या रेषांचा गंज निघाला.

किटच्या क्रमांकाची चौकशी उत्पादकाकडे उशिरा झाली. धड एका किटचं, पंखांची मुख्य तुळई दुसऱ्याच क्रमांकाची. ती कुठून आली, कधी वाकली-सरळ केली, सांगायला कुणी नाही. बांधणीचे फोटो आणि रोजची नोंदवहीही नव्हती. ज्या देशांत विमानाचा मोठा हिस्सा हौशी माणसानेच बांधल्याचा पुरावा लागतो, तिथे एवढ्यावरच अर्ज अडकतो.

असा माल घ्यायचाच असेल तर इंजिनाची रक्कम वेगळी ठरवावी आणि आपल्या माणसाने एक सिलिंडर काढून पाहिल्यावरच द्यावी. बोल्ट-नटांची किंमत शून्य धरावी, डबा सीलबंद आणि दाखल्यासकट असला तरच विचार करावा. कागदही बनावट असू शकतात. २०२३ मध्ये तर प्रवासी विमानांच्या इंजिनांच्या भागांना खोटे दाखले जोडलेले उघड झाले. दाखल्यावरचा क्रमांक देणाऱ्या संस्थेला थेट विचारावा. तपासणाऱ्याने स्वतः निवडलेले दहा रिव्हेट ड्रिल करून काढायची मुभा लेखी घ्यावी. 'दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय' म्हणाले तर येऊ द्यावं.

या सौद्यातून शेवटी वापरता आलं ते कॅनॉपीची काच, ब्रेक आणि आसनांचे सांगाडे. घासलेले बोल्ट 'परत द्या, बदलून देतो' असा निरोप आला होता. ते परत गेले नाहीत. प्रत्येकाचे आटे कापून टाकले, कॅमशाफ्टचे दोन तुकडे केले, आणि निकामी निघालेल्या क्रँकशाफ्टच्या फ्लँजला ग्राइंडरने आरपार चीर दिली, म्हणजे पुन्हा मुलामा चढवून ते कुणाच्या डब्यात जायला नकोत.