कोटेड थर्माकोल मोल्डिंग: बरोक एलिव्हेशनसाठी घ्यावं का?

घ्यावं, पण कोल्हापूरचा पाऊस धरून. बरोक म्हणजे सतराव्या शतकातली युरोपातली उठावदार, नक्षीदार शैली; ती घराच्या दर्शनी भागावर आणायला सिमेंटचा थर दिलेल्या थर्माकोलच्या या पट्ट्या वापरतात. माल हलका आहे, वळणदार नक्षी नेमकी कापून मिळते, भिंतीवर भार येत नाही. घेण्याआधी तुकड्याचं कापलेलं टोक बघा. नखाने खरवडल्यावर मणी सुटले तर तो मखराचा थर्माकोल, परत करा. वरचा सिमेंट-पॉलिमरचा थर 2 ते 3 मिमी हवा, त्यात फायबरची जाळी हवी आणि ती कडेवरून मागे वळलेली हवी. जाळी पुढच्या तोंडालाच संपली असेल तर कड आधी उघडी पडते.

खरी गडबड बसवताना होते. जुना रंग न खरवडता चिकटवलं, की रंगाच्या पापुद्र्यासकट पट्टी खाली येते. ॲडेसिव्हचे चार गोळे लावून दाबू नका, पूर्ण पाठीला पसरवा. मागे पोकळी राहिली की पाणी तिथूनच उतरतं. सांध्यावर 4 इंची जाळीची पट्टी घालून मगच कोट. कॉर्निसच्या (भिंतीबाहेर आलेल्या आडव्या पट्टीच्या) माथ्याला बाहेर उतार हवा, खालच्या कडेजवळ पाणी तोडणारी 10 मिमीची खाच हवी. खाच नसेल तर पाणी भिंतीला धरून उतरतं आणि काळे ओघळ उठतात. रंग पाण्याचा, ॲक्रिलिकच. थिनरचा रंग बारीक छिद्रातून आत गेला की थर्माकोल विरघळतो, वरचं कवच तेवढं उरतं.

पॅरापेटचा (गच्चीच्या कठड्याचा) माथा आणि हाताला लागणारे खांब मात्र जीआरसीचेच (काचतंतू घातलेल्या सिमेंटचेच) करा, स्टेनलेस स्टीलच्या अँकर बोल्टवर. महाग पडतं, पण थर्माकोलचा खांब गाडीच्या एका धक्क्यात चेपतो.

आता डिझाइन. कॅटलॉगमधली नक्षी प्रत्येक खिडकीला सारखीच चिकटवली की ते बरोक राहत नाही. रोममधल्या सांता सुझाना चर्चचा 1603 चा दर्शनी भाग पाहा: कडेला चपटे स्तंभ, मध्याकडे येताना गोल खांब, भिंतही पायरीपायरीने पुढे येते. सगळा जोर दारावर. 30 फुटी फ्रंटलाही हे जमतं: कडेला 2 इंच उठाव, दाराशी 6 इंच, तुटक त्रिकोणी माथा फक्त दारावर. कोरिंथियन (माथ्यावर पानांची नक्षी असलेल्या) स्तंभाची उंची रुंदीच्या साधारण 10 पट असते, म्हणजे 12 इंची स्तंभ 10 फुटांपर्यंत शोभतो. तोच दोन मजले ओढला तर काठीसारखा दिसतो, आणि ही चूक रंगाने झाकत नाही.