गेडनचे प्रमाणपत्र आणि माझी 1966 ची एमजीबी

इंग्लंडमधील वॉरिकशर परगण्यात गेडन येथे ब्रिटिश मोटर म्यूझियम आहे. 1993 मध्ये हेरिटेज मोटर सेंटर या नावाने सुरू झालेले हे संग्रहालय 2016 पासून आजच्या नावाने ओळखले जाते. गाड्यांच्या रांगा पाहायला लोक येतात ते दालनांत. जुन्या ब्रिटिश गाड्या बाळगणाऱ्यांचा खरा संबंध मात्र तिथल्या अभिलेखागाराशी असतो, कारण कारखान्यांच्या मूळ नोंदवह्या तिथे जपलेल्या आहेत आणि त्यांवरून एखाद्या गाडीचा जन्मदाखला म्हणावा असे 'हेरिटेज सर्टिफिकेट' मिळते. गेली दोन वर्षे मी ऑक्सफर्डशरमध्ये राहून 1966 च्या एका एमजीबी रोडस्टरचा, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीच्या उघड्या गाडीचा, जीर्णोद्धार करून घेत आहे. हा शब्द आपण देवळासाठी वापरतो, पण झालेला खर्च आणि लागलेला वेळ पाहता तो इथेही शोभतो. हे परीक्षण त्या प्रमाणपत्राचे आहे, आणि प्रमाणपत्र कुठवर उपयोगी पडते ते गाडीशिवाय सांगता येत नसल्यामुळे गाडीचेही आहे.

एमजीबी ही दुर्मीळ गाडी नव्हे. 1962 पासून ऑक्टोबर 1980 पर्यंत अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून, रोडस्टर आणि पक्क्या छताची जीटी दोन्ही मिळून, पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतील मोठा हिस्सा अमेरिकेला गेला. तिचे 1798 सीसीचे इंजिन बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीज घराण्यातले. आपल्या जुन्या पेट्रोल अ‍ॅम्बॅसडरचे 1489 सीसीचे इंजिन याच घराण्यातले असल्यामुळे, पुण्यात मामांच्या अ‍ॅम्बॅसडरचे बोनेट उघडे असताना बाजूला टॉर्च धरून उभे राहण्यात ज्याचे बालपण गेले, त्याला एमजीबीचे बोनेट उघडल्यावर परके वाटत नाही.

गाडी माझ्याकडे आली ती एका फुगलेल्या फाइलसह. विकणाऱ्याने तीन गोष्टी ठामपणे सांगितल्या होत्या: गाडी जन्मापासून हिरवी आहे, इंजिन मूळचे आहे आणि ती एकूण 41,000 मैल चालली आहे. त्याने खोटे सांगितले असे मला वाटत नाही. त्याला ज्याने विकली त्याने सांगितले तेच त्याने मला सांगितले. पण फाइल शांतपणे वाचायला बसलो तेव्हा तिसरा दावा पहिल्याच संध्याकाळी गळून पडला. एमजीबीच्या ओडोमीटरवर पूर्ण मैलांचे पाचच आकडे असतात, म्हणजे 99,999 नंतर तो पुन्हा शून्यावर येतो. फाइलमधील एमओटीच्या, म्हणजे वार्षिक तपासणीच्या, जुन्या दाखल्यांवर दर वर्षीचे मैल लिहिलेले होते. 1983 च्या दाखल्यावर सत्त्याण्णव हजार आणि 1985 च्या दाखल्यावर तीन हजार. गाडी 1,41,000 मैल चाललेली होती.

मालकीचा इतिहास शोधणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. आज ब्रिटनमध्ये गाडीसोबत मिळणाऱ्या व्ही5सी या नोंदणीपत्रावरच छापलेले असते की हा मालकीचा पुरावा नव्हे. त्यावर असतो तो नोंदणीकृत 'कीपर', म्हणजे गाडी सांभाळणारा. माझ्या कागदावर आधीचे कीपर पाच, एवढीच संख्या होती. मात्र 1974 नंतर स्वान्सीच्या मध्यवर्ती कार्यालयाकडे कारभार जाण्यापूर्वी नोंदणी परगण्यांच्या कौन्सिलांकडे असे आणि प्रत्येक गाडीचे एक घडीचे लॉगबुक असे, ज्यात धारक बदलला की नवे नाव लिहून कौन्सिलचा रबरी शिक्का मारला जाई. माझ्या सुदैवाने ते लॉगबुक फाइलच्या तळाशी होते. पहिल्या नावाआधी 'डॉ.' आणि शिक्का बर्कशरचा. अ‍ॅबिंग्डन तेव्हा बर्कशरमध्येच होते, म्हणजे गाडी फार लांब गेली नव्हती. 1969 मध्ये दुसरे नाव. 1970 मध्ये रंगाच्या रकान्यातील मूळ शब्द इतक्या जोरात खोडलेला की कागद फाटायला आला होता, आणि वर 'रेड'. 1972 मध्ये हॅम्पशरचा शिक्का, तिसरे नाव, आणि त्याच हस्ताक्षरात इंजिनाचा क्रमांक बदललेला. त्यापुढची पाने कोरी. चौथ्या आणि पाचव्या धारकांचा काळ मला बिलांवरून आणि तपासणीच्या दाखल्यांवरून जुळवावा लागला.

खोडलेल्या शब्दाखाली काय होते, याचे उत्तर गेडनहून आले. प्रमाणपत्रावर चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, बांधणीची तारीख, कारखान्यातून रवाना झाल्याची तारीख, ती कुणाकडे पाठवली, मूळ रंग, आतील सजावटीचा रंग आणि ग्राहकाने जादा पैसे देऊन घेतलेल्या वस्तू अशी माहिती असते. माझ्या गाडीच्या रंगासमोर लिहिले होते: पेल प्रिमरोझ. हा फिकट पिवळा, केशर घालण्याआधीच्या चक्क्यासारखा रंग. जादा वस्तूंमध्ये हीटर पाहून मला हसू आले, कारण इंग्लंडच्या थंडीत उघड्या गाडीला हीटर हवाच, हे कंपनीला तेव्हा गृहीत धरावेसे वाटले नव्हते. चाके साधी पोलादी. म्हणजे आज गाडीवर असलेली तारांची चाके कुणीतरी नंतर हौसेने बसवली. आणि इंजिनाच्या क्रमांकाची सुरुवात 18जीबी, तर इंजिनावरच्या पट्टीवर 18व्ही, जो क्रम एमजीबीत सत्तरच्या दशकातला आहे. विकणाऱ्याचे उरलेले दोन्ही दावे एका कागदाने निकालात काढले.

तरी कागदावर विश्वास ठेवण्याआधी पत्र्याला विचारावे म्हणून मी हीटरच्या डब्यामागे, जिथे रंगारी सहसा पोहोचत नाही, तिथे ओला सँडपेपर गोल गोल फिरवला. एक रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत झाडाच्या खोडातील वलयांसारखी वलये उमटली: बाहेर हिरवे, मग लाल, मग करड्या प्राइमरची बारीक कड, आणि मधोमध फिकट पिवळे. बोनेटला मात्र लोहचुंबक चिकटलाच नाही. सुरुवातीच्या एमजीबींची बोनेटे अ‍ॅल्युमिनियमची असत, तेव्हा एवढ्या उलथापालथीतही पहिले बोनेट टिकून होते.

प्रमाणपत्राची मर्यादा इथेच कळते. ते गाडीच्या जन्मदिवसाविषयी बोलते. त्यानंतरच्या मालकांविषयी त्यात अक्षरही नसते, आणि गाडीची आजची प्रकृती सांगण्याचे तर ते कामच नव्हे. चकचकीत चौकटीत लावलेले प्रमाणपत्र पाहून भाव वाढवून देणारे लोक मी पाहिले आहेत. क्रमांक जुळतात एवढेच ते सांगते. दाराखाली काय आहे ते सांगत नाही.

एमजीबीच्या बाबतीत तर सगळे दाराखालीच असते. तिच्या आधीच्या एमजीएला वेगळी चासी, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, होती. एमजीबी मात्र एकसंध बॉडीची, आणि छत नसल्यामुळे गाडीला मधोमध वाकू न देण्याची मोठी जबाबदारी दारांखालच्या दोन सिलवर असते. ही सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरची सिल, आतला उभा पडदा, आतली सिल आणि खालचा खाचांचा रूळ, ज्याला इथे 'कॅसल रेल' म्हणतात, असा तो थरांचा पोकळ डबा आहे. पाणी आत शिरते, चिखल निचऱ्याची भोके बुजवतो आणि गंज आतून बाहेर येतो. रंगाला फोड येईपर्यंत आतला पडदा बहुधा संपलेला असतो. फाइलमध्ये 1984 आणि 1991 अशी दोन बिले होती, दोन्हींवर 'सिल बदलल्या' असे स्पष्ट लिहिलेले. बोटाने ठोकल्यावर मात्र डावी सिल ओल्या मडक्यासारखी बद्द वाजत होती.

माझी चूक अशी की जवळचे म्हणून पहिल्या गॅरेजला मी गाडी दिली. त्यांचे नाव लिहीत नाही. त्यांनी गाडी पुढून आणि मागून टेकूंवर उचलली, दारे काढून ठेवली आणि दाराच्या चौकटीत आडवा आधार न लावताच जुनी सिल कापली. रोडस्टरमध्ये असे केले की बॉडी मध्ये खचते आणि दाराच्या वरच्या बाजूची फट मिटत जाते. नवी सिल त्याच खचलेल्या अवस्थेत वेल्ड झाली. दार बसेना म्हणून त्यांनी दाराची कड तासली, आणि मला सांगण्यात आले की या गाड्यांची दारे अशीच असतात. तशी ती नसतात.

दुसरी कार्यशाळा एका खेड्यात आहे, दोनच माणसांची. त्यांचे नाव त्यांच्याच विनंतीवरून देत नाही, कारण त्यांच्याकडे आताच सव्वा वर्षाची रांग आहे. तिथल्या ज्येष्ठ कारागिराने पहिला महिनाभर गाडीला कात्री लावली नाही. आधी सगळ्या फटी मोजून भिंतीवर खडूने लिहिल्या, मग चौकटीत आडवे नळ बोल्टने घट्ट बसवले आणि पहिल्या गॅरेजने केलेले नवे काम स्पॉट वेल्डचे एकेक टिंब ड्रिलने उकलत सोडवले. पुढचे मडगार्ड बोल्टवर असते, ते निघते. मागचे मात्र वेल्ड केलेले असते आणि सिलचे टोक त्याच्या आत शिरते. त्यामुळे मागच्या मडगार्डचा खालचा भाग कापल्याशिवाय सिल खऱ्या अर्थाने बदलताच येत नाही. उजवी बाजू कापली तेव्हा 1984 आणि 1991 च्या बिलांचा अर्थ उलगडला: गंजलेल्या मूळ सिलवर एक सिल चढवलेली, तिच्यावर दुसरी, आणि मधल्या पोकळीत पुट्टी व फोम भरलेला. पैसे दोनदा घेतले गेले होते आणि जुनी सिल दोन्ही वेळा तशीच राहिली होती.

इथे मोह होतो तो नव्या बॉडीचा. ब्रिटिश मोटर हेरिटेजने 1988 पासून मूळ साचे वापरून एमजीबीची संपूर्ण नवी बॉडी बनवायला सुरुवात केली, आणि कंपनी आता ऑक्सफर्डशरमधल्याच विटनी येथे आहे. हिशेब मांडला तर इतक्या गंजलेल्या गाडीला नवी बॉडी घेणे वेडेपणाचे नाही. मजुरीचे तास वाचतात आणि पत्रा सगळा कोरा. मी नको म्हटले, कारण हीटरमागची ती वलये नव्या पत्र्यावर नसती, आणि मग फाइलमधील पाच माणसांचा माझ्या गाडीशी चासी क्रमांकाच्या पट्टीपुरताच संबंध उरला असता. सुटे पत्रे मात्र हेरिटेजचेच घेतले. स्वस्त पर्यायी सिलपेक्षा ते महाग पडले, पण ठोकाठोक न करता बसले.

मग प्रश्न उरला की गाडी कोणत्या मालकाच्या काळात परत न्यायची. प्रमाणपत्राच्या बाजूने बोलणारे सांगतात, सगळे पहिल्या दिवसासारखे करा. रंगाबाबत मी ते ऐकले. गाडी पुन्हा पेल प्रिमरोझ झाली आणि हिरव्या रंगाची मला एकदाही आठवण आली नाही. पण 18व्ही इंजिन काढून त्या काळचे एखादे 18जीबी शोधून बसवणे मला पटले नाही. तिसऱ्या धारकाने बसवलेले ते इंजिन या गाडीत पन्नास वर्षे आहे, पहिले सहाच वर्षे होते. त्याच माणसाने डायनॅमो काढून अल्टरनेटर लावला आणि मूळची पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडण्याची पद्धत, उलटी केली. तेही तसेच ठेवले. सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांऐवजी बारा व्होल्टची एक ठेवली, हे माझे. तारांची चाके ठेवली, हा निव्वळ मोह. इंजिनाच्या हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्या, कारण जुन्या सीटांची झीज रोखणारे शिसेयुक्त पेट्रोल इथे 1999 च्या अखेरीस बंद झाले. आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलल्या, कारण 2021 पासून सर्रास मिळणारे ई10 पेट्रोल जुने रबर खाते.

चालवण्याविषयी थोडक्यात. किल्ली फिरवली की मागून, उजव्या चाकापाशी, एसयू कंपनीचा पेट्रोल पंप टिकटिक करू लागतो आणि कार्ब्युरेटर भरले की टिकटिक मंदावत थांबते. त्यानंतरच स्टार्टर मारायचा. कागदोपत्री 95 अश्वशक्ती असली तरी आजची कोणतीही छोटी हॅचबॅक तिला सिग्नलवर मागे टाकील. ताशी पन्नास मैलांवर खेड्यांमधल्या वळणांच्या रस्त्याने मात्र ती जे सुख देते ते हॅचबॅकमध्ये नाही. स्टीअरिंग जड पण नेमके, गिअरचा दांडा मनगटाच्या अंतरावर. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर सहज बसवणारी यंत्रणा, नाही, तेव्हा गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो घालू नये.

प्रमाणपत्राच्या सेवेबद्दल माझी तक्रार नाही. माहिती नेमकी, कागद जाड, आणि अर्जाला उत्तर देणाऱ्या माणसाला गाड्या कळतात हे दिसत होते. जुनी एमजीबी घेणाऱ्याने ते असल्यास विकणाऱ्याकडून जरूर मागून घ्यावे, चासी आणि इंजिनाचे क्रमांक स्वतः जुळवावेत, आणि मग कागद बाजूला ठेवून मागच्या मडगार्डच्या तळाशी सिलचा जोड दिसतो का ते गुडघे टेकून पाहावे. जोडाची रेघ दिसलीच नाही तर कुणीतरी वरून झाकले आहे असे समजावे.

चाळीस वर्षांवरील आणि मोठे फेरबदल न झालेल्या गाडीला इथे एमओटी बंधनकारक नाही, तरी मी ती करवून घेतली. तपासनिसाने दोन्ही सिल ठोकून ऐकल्या आणि काही न बोलता पुढे गेला. स्वान्सीला रंगबदल कळवला; नव्या व्ही5सीवर आता 'यलो' आहे. कापडी छताचा डावा कोपरा मात्र पावसात अजून गळतो, आणि छत शिवणाऱ्याकडे पुढची वेळ थेट एप्रिलमधली मिळाली आहे.