स्थगिती आपोआप उठण्याची वाट पाहावी, की उठवण्यासाठी अर्ज करावा?

‘सहा महिने झाले की स्टे संपतो’ या भरवशावर राहू नका. सर्वोच्च न्यायालयाने 28 मार्च 2018 रोजी ‘एशियन रिसर्फेसिंग’ प्रकरणात तसं सांगितलं होतं खरं. पण 29 फेब्रुवारी 2024 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो नियम मोडीत काढला. मुख्य निकालपत्र न्या. अभय ओक यांचं. कोर्टाला सुनावणी घेता आली नाही, याची शिक्षा दोष नसलेल्या पक्षकाराला नको, हा त्याचा गाभा. मला तो पटतो. पण ज्याचं काम स्थगितीने अडलंय, त्याला आता स्वतःच हालचाल करावी लागते.

हायकोर्टातल्या रिटमध्ये, म्हणजे सरकारी यंत्रणेविरुद्ध थेट हायकोर्टात केलेल्या याचिकेत, राज्यघटनेचा अनुच्छेद 226(3) हाताशी आहे. याचिकेची प्रत न देता आणि तुमचं न ऐकता एकतर्फी स्थगिती मिळाली असेल, तर ती उठवण्याचा अर्ज करा आणि त्याची प्रत समोरच्या वकिलांना द्या. अर्ज दाखल झाला तो दिवस किंवा प्रत दिली तो दिवस, यांपैकी जो नंतरचा, तिथून दोन आठवडे मोजायचे. तेवढ्यात निर्णय झाला नाही, तर स्थगिती उठते, असं घटनेतच लिहिलंय. म्हणून प्रतीवर तारखेसह पोच घ्याच. मात्र ही तरतूद किती बंधनकारक, यावर उच्च न्यायालयांत मतभेद आहेत. पंधराव्या दिवशी परस्पर बांधकाम सुरू करू नका, आधी कोर्टापुढे जा. दोन्ही बाजू ऐकून दिलेल्या स्थगितीला हा मार्ग लागूच नाही.

दिवाणी कोर्टातली मुदत त्याहून नरम. दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर 39, नियम 3-अ म्हणतो, एकतर्फी मनाई (अमुक करू नका, असा आदेश) दिली तर कोर्टाने 30 दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. एकतिसाव्या दिवशी मनाई गळून पडत नाही. पण तेव्हा थेट अपिलात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली स्पष्ट केलंय.

इथे मी तारखा मोजण्यापेक्षा त्याच ऑर्डरच्या नियम 4 वर भर देईन. वादीने महत्त्वाच्या मुद्द्यावर जाणूनबुजून खोटं सांगून एकतर्फी मनाई मिळवली असेल, तर कोर्टाने ती उठवायची असते. न उठवल्यास कारणं नोंदवावी लागतात. शिवाय मनाईनंतर दाव्याची कागदपत्रं तुम्हाला लगेच पाठवून, त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तसं प्रतिज्ञापत्र देणं वादीला भाग असतं. ते दाखल झालंय का, हे वकिलांना पहिल्याच दिवशी तपासायला सांगा.

अजून मनाई झालीच नसेल, नुसती कुणकुण लागली असेल, तर कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा कोर्टात आगाऊ अर्ज, लावून ठेवा. ते 90 दिवस चालतं.